‘तुमचा मुलगा किती उत्साही आहे!’ म्हणजे शेजारीण काय म्हणाली?

टोकियोच्या एदोगावा वॉर्डातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

“जुलैत पुण्याहून इथे आलो. मी, नवरा आणि चार वर्षांचा मुलगा. इमारतीत आम्हीच एकटे भारतीय. लोक हसून मान लववतात, पण चार महिन्यांत कोणी जवळ आलेलं नाही. ऑक्टोबरात खालच्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या. मुलाकडे बघून ‘गेंकि ना ओकोसान देसु ने’ म्हणाल्या, किती उत्साही मुलगा आहे! मी आनंदाने ‘अरिगातोओ’ (धन्यवाद) म्हटलं. पंधरा दिवसांत लिफ्टशेजारी आवाजाबद्दल नोटीस लागली. दिवाळीत शेजारच्या ओबासानना (काकूंना) स्टीलच्या डब्यातून वीस बेसनलाडू दिले. दोन दिवसांत डबा घासूनपुसून परत आला, सोबत सफरचंदांची पेटी. मी लगेच चकली-चिवडा घेऊन गेले. तेव्हापासून त्या मला टाळतात असं वाटतं. कचऱ्याची पिशवी दोनदा स्टिकर लावून तशीच ठेवलेली दिसली. थंडी सुरू झाल्यापासून आमचं मुख्य दार उघडायलाही जड जातं, पण ते घरमालकाला सांगायचा धीर होत नाही. आम्ही इथे नकोसे आहोत का?”

ताई, तुमच्या पत्रातल्या एकाही प्रसंगावरून तसं दिसत नाही. परदेशी माणसाला घर भाड्याने द्यायला नकार देणारे घरमालक जपानमध्ये आहेत, ते दुखणं खरं आहे. तुमची गोष्ट मात्र वेगळी आहे. गेल्या दोन महिन्यांत वेगवेगळ्या माणसांनी तुम्हाला काही ना काही सांगितलं आणि ते तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. एकेक उलगडून बघू.

आधी लिफ्टमधलं वाक्य. ‘गेंकि’ म्हणजे ठणठणीत, उत्साही. बागेत एखाद्या मुलाची आई हे म्हणाली असती तर ते कौतुकच. पण म्हणणारी बाई तुमच्या बरोबर खाली राहते. खालच्या मजल्यावरून आलेलं ‘मुलगा फार उत्साही आहे’ म्हणजे ‘त्याच्या धावण्याचा आवाज खाली येतो’. त्यावर अपेक्षित उत्तर ‘अरिगातोओ’ नव्हतं. ‘इत्सुमो उरुसाकुते सुमिमासेन’ हे होतं, म्हणजे ‘नेहमी आवाज होतो, माफ करा’. एवढं ऐकलं की समोरच्याला कळतं, निरोप पोचला. तो पोचला नाही असं दिसल्यावर त्यांनी बहुधा इमारतीच्या व्यवस्थापन कंपनीला फोन केला असणार, आणि कंपनीने रिवाजाप्रमाणे कुणाचंही नाव न घेता सगळ्यांसाठी नोटीस लावली. आपल्याकडे याला लेकी बोले सुने लागे म्हणतात. फ्लॅटचा नंबर मुद्दाम लिहीत नाहीत, कारण चुकणाऱ्याला चारचौघांत खाली बघायला लागू नये. आवाज थांबला नाही तर पुढची चिठ्ठी फक्त तुमच्या टपालपेटीत येते, त्यानंतर फोन. तुम्ही अजून पहिल्याच पायरीवर आहात.

आता कंपनीला स्वतःहून फोन करा. नंबर नोटिशीच्या खालीच असतो. आवाज आमचा असू शकेल असं सांगून विचारा, ‘नानजि गोरो नो ओतो देसु का?’, किती वाजताचा आवाज आहे? तक्रार कुणी केली हे ते सांगणार नाहीत आणि तुम्हीही विचारू नका. वेळ मात्र सांगतील, आणि वेळ कळली की कारण सापडतं. सकाळी सहाचा असेल तर मिक्सर, रात्री नऊचा असेल तर मुलगा.

मुलाच्या धावण्यावर लोक पातळ गालिचा अंथरतात आणि तरीही तक्रार येते. याचं कारण असं की जमिनीतून खाली जाणारे आवाज दोन जातींचे असतात. चमचा पडणं, खुर्ची सरकणं, खेळण्यातली गाडी फिरवणं हे हलके आवाज. ते गालिच्याने आणि खुर्चीच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवून बऱ्यापैकी थांबतात. सोफ्यावरून उडी मारणं, टाचा आपटत धावणं हा जड धक्का. तो थेट स्लॅबला बसतो आणि वर काहीही अंथरलं तरी पूर्ण थांबत नाही. दोन सेंटिमीटर जाडीच्या जोडायच्या फोम मॅटने तो थोडा मवाळ होतो, इतकंच. म्हणून मॅट अंथरा, पण खरी शिस्त वेळेची ठेवा. धावायचं ते बाहेर, आणि संध्याकाळी आठनंतर घरात उड्या नाहीत. लाकडी किंवा हलक्या लोखंडी सांगाड्याच्या दोन मजली इमारतींना इथे ‘आपाआतो’ म्हणतात, काँक्रीटच्या इमारतीला ‘मान्शोन’. आपाआतोत राहणाऱ्यांनी हा नियम दुप्पट कडक पाळावा.

मिक्सर, व्हॅक्यूम आणि वॉशिंग मशीन सकाळी आठ ते रात्री नऊ एवढ्याच वेळात. इडलीचं पीठ वाटायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच वाटून ठेवा. भारतातून आणलेला मिक्सर ट्रान्सफॉर्मरवर चालत असेल (इथली वीज 100 व्होल्टची आहे, थेट लावला तर पातं नुसतं रेंगाळतं), तर दोन्ही यंत्रं शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीपासून लांब ठेवा आणि खाली चौपदरी घडी घातलेला टॉवेल घ्या. कुकरची शिट्टीही सकाळी आठनंतरच. इथल्या प्रेशर कुकरला अशी शिट्टी नसते, त्यामुळे ऐकणाऱ्याला ती कशाची ते कळत नाही.

मग खालच्या मजल्यावर जा. शनिवारी किंवा रविवारी सकाळी दहा ते बारा ही चांगली वेळ. मुलाला बरोबर न्या, चेहरा ओळखीचा झाला की तोच आवाज कमी टोचतो. इंटरकॉमवर आधी मजला आणि आडनाव सांगा. दार उघडलं की दारातच बोला: ‘कोदोमो गा इमासु. उरुसाकात्तारा, ओश्शात्ते कुदासाइ.’ घरात लहान मूल आहे, आवाज झाला तर जरूर सांगा. हातात पाचशे ते हजार येनची एखादी बंद पाकिटातली वस्तू असू द्या: बिस्किटं, छोटा टॉवेल, भांड्यांचा साबण. नवीन घरात राहायला आल्यावर दोन्ही बाजूच्या, वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांकडे असं जाऊन यायची जुनी रीत आहे, तिला ‘हिक्कोशि आइसात्सु’ म्हणतात. मोठ्या शहरांत हल्ली सगळेच ती पाळत नाहीत, पण लहान मूल असलेल्या कुटुंबाने पाळावी असं माझं ठाम मत आहे. चार महिने उशीर झाला म्हणून बिघडत नाही. ‘तक्रार तुम्ही केलीत का?’ हा प्रश्न मात्र जिभेवर येऊ देऊ नका.

तुमचं जड झालेलं दार बिघडलेलं नाही. थंडी सुरू झाल्यावर हॉलच्या किंवा झोपायच्या खोलीच्या भिंतीवरचं छोटं गोल किंवा चौकोनी झाकण तुम्ही बंद केलंत का? ते ‘क्यूकिकोओ’, बाहेरची हवा आत घ्यायचं भोक. ओट्यावरचा पंखा हवा बाहेर फेकतो, आणि तेवढीच हवा आत यायला वाट नसेल तर घरात हवेचा दाब कमी होतो. मग बाहेरची हवा दाराला आत दाबून धरते, दार ढकलायला जोर लागतो, आणि उघडलं की फटीतून सूं असा आवाज येतो. त्याहून वाईट म्हणजे पंखा नीट ओढत नाही. मिरचीची फोडणी घरभर फिरते, आणि दार उघडलं की मागोमाग इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये जाते. ते झाकण उघडा, मागच्या जाळीवरची धूळ काढा, दार लगेच हलकं होईल. बाथरूममधला किंवा छतातला जो पंखा चोवीस तास चालू असतो तोही बंद करू नका. 2003 पासून नवीन घरांना ही सोय कायद्याने सक्तीची आहे, आणि तो बंद ठेवला की पावसाळी दिवसांत कपाटामागे बुरशी धरते.

वासाचं तुम्ही लिहिलेलं नाही, तरी सांगते. जपानमध्ये कपडे बाल्कनीत वाळतात, आणि ऊन पडलं की गाद्याही कठड्यावर येतात. ठसक्याची फोडणी, सुकी मासळी, खमंग भाजलेला मसाला यांच्याआधी बाल्कनीत एकदा डोकावा. शेजारी गाद्या टाकलेल्या असतील तर तो बेत दुपारी तीननंतर करा, तोवर गाद्या आत गेलेल्या असतात. ओट्यावरचा पंखा गॅस पेटवायच्या पाच मिनिटं आधी लावा आणि स्वयंपाक झाल्यावर वीस मिनिटं चालू ठेवा. गॅसमागच्या भिंतीचा तेलकट थर आठवड्याला पुसा. घर सोडताना साध्या वापराची झीज घरमालकाची मानली जाते, पण न पुसल्यामुळे चढलेला तेलाचा राप भाडेकरूच्या खात्यात जातो आणि तो अनामत रकमेतून कापतात.

कचऱ्याकडे येऊ, कारण शेजाऱ्यांच्या नजरेत नव्या घराची पहिली ओळख तीच असते. पिशवीवरच्या स्टिकरवर कारण लिहिलेलं असतं: वार चुकला, वर्गवारी चुकली, पिशवी चुकली. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा. अशी पिशवी त्याच दिवशी घरी आणायची, पुन्हा निवडायची आणि योग्य वारी ठेवायची. तिथेच राहू दिली तर कावळे ती फोडतात आणि इमारतीचा राखणदार किंवा ज्याची पाळी असेल तो शेजारी ते सगळं झाडून काढतो. पिशवी कुणाची हे आतल्या वस्तूंवरून लगेच कळतं. मेथीच्या काड्या आणि भारतीय मसाल्यांची पाकिटं तुमच्या इमारतीत फक्त तुमच्याच घरातून निघतात.

टोकियोच्या 23 वॉर्डांत पिशवी पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक हवी आणि ती त्या दिवशी सकाळी आठच्या आत जागेवर हवी. आदल्या रात्री ठेवायची नाही. जळणारा कचरा साधारण आठवड्यातून दोनदा, पुनर्वापराचा एकदा, न जळणारा महिन्यातून दोनदा. वार मात्र गल्लीगणिक बदलतात, मैत्रिणीच्या वेळापत्रकावर जाऊ नका. वॉर्ड ऑफिसातून तुमच्या पत्त्याचं इंग्रजी पत्रक आणून फ्रिजवर लावा.

आपल्या घरांत चुका ठरलेल्या होतात. पहिली, ओला कचरा. भाजीची देठं, चहाचा चोथा, ताकाचं पाणी यांनी पिशवी गळते. सिंकच्या जाळीत चोथा पिळून, वर्तमानपत्रात गुंडाळून मगच पिशवीत टाका. दुसरी चूक तेलाची बाटली. पाण्याच्या नि सरबताच्या बाटल्यांवर त्रिकोणात 1 अशी खूण असते. त्यांचं बूच आणि वेष्टन काढायचं, आतून विसळायचं, चपटी करायची आणि ‘पेट’ (PET, म्हणजे अशा प्लास्टिकच्या) बाटल्यांत टाकायची. तेलाची बाटली दिसायला तशीच, पण आतलं तेल विसळून जात नाही, म्हणून ती पेट बाटल्यांत चालत नाही. ती वॉर्डाच्या नियमाप्रमाणे प्लास्टिकमध्ये किंवा जळणाऱ्या कचऱ्यात जाते. तिसरी, आणि दिवाळीनंतर हमखास होणारी, तळणीचं तेल. ते सिंकमध्ये ओतायचं नाही. सुपरमार्केटात तेल घट्ट करायची पूड मिळते, 600 मिलिलिटर तेलाला साधारण एक पुडी. तळण संपल्यावर गॅस बंद करून तेल गरम असतानाच ती ढवळायची. तेल गार झालं की वडीसारखी चकती निघते, ती जळणाऱ्या कचऱ्यात. थंड तेलात पूड विरघळत नाही, आणि इथेच बहुतेकांचं बिघडतं. पूड नसेल तर दुधाच्या रिकाम्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, गार तेल ओता, वर थोडं पाणी शिंपडा आणि चिकटपट्टीने तोंड बंद करा. तेल मुरलेला कागद आपोआप तापू शकतो, पाणी त्यासाठी. फोनच्या पॉवर बँकसारख्या बॅटऱ्या कोणत्याच साध्या पिशवीत टाकू नका, त्यांनी कचऱ्याच्या गाड्यांना आगी लागतात.

आता लाडू. तुमचा हा प्रसंग वाचून वाईट वाटलं, कारण तुम्ही मनापासून दिलंत आणि त्यांनीही मनापासून परत केलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे आपल्या घरात आजीपासून चालत आलेलं आहे. जपानी घरात हीच रीत ‘ओकाएशि’ म्हणून आहे, फक्त तिचा हिशेब अधिक काटेकोर आहे. मिळालेल्या वस्तूच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या किमतीचं परत द्यायचं. तुमचे वीस लाडू तूप-काजूसकट मोठी भेट वाटली, म्हणून सफरचंदांची पेटी आली. तिथे व्यवहार फिटला होता. त्यावर तुम्ही चकली-चिवडा नेलात आणि त्यांच्यावर पुन्हा ऋण चढलं. त्या टाळत असतील तर बहुधा याच संकोचाने, की आता पुन्हा काय द्यावं. ओकाएशिला ओकाएशि द्यायची नसते. पुढच्या भेटीत तोंडभरून ‘सफरचंदं फार गोड होती’ म्हणा: ‘रिंगो, तोतेमो ओइशिकात्ता देसु’. बस्स.

पुढच्या वेळी नग कमी द्या, दोन किंवा तीन. प्रत्येक नग वेगळ्या पारदर्शक पाकिटात बंद करा, शंभर येनच्या दुकानांत अशी पाकिटं मिळतात. स्टीलचा डबा नको, कारण डबा दिला की तो परत करायला यावंच लागतं. छोट्या कागदी पिशवीत द्या, म्हणजे घेणारा मोकळा. सोबत जपानीत चिठ्ठी: पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे आणि कधीपर्यंत खावा. दूध, गहू, शेंगदाणे, काजू हे शब्द हवेतच, कारण अ‍ॅलर्जीची इथे फार काळजी घेतात आणि बेसन म्हणजे काय हे वासावरून त्यांना कळणार नाही. अनोळखी घरातला हाताने वळलेला पदार्थ खायला पुष्कळ जण कचरतात, म्हणून पहिली भेट दुकानातली बंद वस्तू असावी आणि घरचं ओळख वाढल्यावर द्यावं. चवीचं म्हणाल तर लाडवापेक्षा चकली आणि शेव अधिक रुळतात असं दिसतं, कारण तांदळाच्या कुरकुरीत खाऊची जिभेला सवय आहे. देताना पिशवी दोन्ही हातांत धरा आणि ‘योकात्तारा, दोओझो’ म्हणा, आवडलं तर घ्या. त्यांनी तुमच्यासमोर उघडून पाहिलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, बाहेरच्या माणसासमोर भेट न उघडणं हा इथला शिष्टाचार आहे.

आणखी एक, तुम्ही शेजारणीला ‘ओबासान’ लिहिलंय. मावशी, काकू म्हणून जवळ करायची आपली सवय गोड आहे, पण हा शब्द इथे तसा वापरू नका. ‘ओबासान’ म्हणजे मध्यमवयीन बाई, हे पन्नाशीच्या बाईलाही टोचतं. वर ‘बा’ जरा लांबला की ‘ओबाआसान’, म्हणजे आजी. आपल्या उच्चारात तो हमखास लांबतो. आडनाव आणि पुढे ‘सान’, एवढंच म्हणा. आडनाव दारावरच्या किंवा टपालपेटीवरच्या पाटीवर असतं. पाटी नसेल तर स्वतःचं नाव आधी सांगा, समोरचा आपलं सांगतो. तोवर हाक मारायला ‘सुमिमासेन’ पुरतं.

‘एकदा घरी या’ असं कुणी म्हणालं तर तारीख ठरेपर्यंत ते आमंत्रण समजू नका. आणि काही विचारल्यावर समोरच्याने श्वास ओढून ‘च्योत्तो…’ (जरा…) म्हणत वाक्य अर्धवट सोडलं, तर ते नाही आहे. कारण विचारत बसू नका, ‘वाकारिमाशिता’ (समजलं) म्हणून विषय सोडा. हे एकदा अंगवळणी पडलं की त्यांनाही तुमच्याशी बोलणं सोपं जातं, कारण प्रत्येक वेळी तोंडावर नाही म्हणायची वेळ येणार नाही ही खात्री पटते.

डिसेंबर येतोय, तो तुमच्या कामाचा आहे. वर्षअखेरीला इथे घरं धुऊनपुसून काढतात आणि एरवी न बोलणारे शेजारीही जिन्यात दोन शब्द बोलतात. शेवटच्या दोन आठवड्यांत भेटणाऱ्या प्रत्येकाला ‘योइ ओतोशि ओ’ म्हणा, नवीन वर्ष चांगलं जावो. 1 जानेवारीपासून तेच ‘आकेमाशिते ओमेदेतोओ गोझाइमासु’ होतं. आणि कचऱ्याची वर्षातली शेवटची गाडी कधी, हे नोटीसबोर्डावर आधीच बघून ठेवा. साधारण 31 डिसेंबर ते 3 जानेवारी गाडी येत नाही, आणि त्या चार दिवसांत बाहेर राहिलेली पिशवी सगळी इमारत बघते.